विश्वास उरलाच नाही असं वाटत असताना येशूच्या मागे चालायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण दापोली तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. वाडीत ख्रिस्ती घर त्याचं एकट्याचंच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आजोबांनी लावलेली हापूसची कलमं आणि पोफळी आडव्या झाल्या, घरावर माड पडला. त्यातून सावरतोय तोवर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मुंबईची नोकरी सोडून तो घरी परतला. बायको हिंदू घरातली, लग्नानंतर अधूनमधून चर्चला यायची, आता म्हणते, "तुझा देव तेव्हा कुठे होता?" एक पाहुणा प्रचारक घरी येऊन सांगून गेला, की घरात विश्वास कमी आहे म्हणून आजार हटत नाही. मुंबईच्या चुलतभावाचं मात्र सगळं सुरळीत चाललंय आणि तो सभांमधून साक्षी देत फिरतो. "मी रविवारी गीतं गातो, पण आत काहीच हलत नाही. मी ढोंगी आहे का? असा माणूस येशूच्या मागे किती दिवस चालणार?"

तुला 'तू'च म्हणते. माझा धाकटा तुझ्याच वयाचा, आणि एवढं मोकळं लिहिणाऱ्याला 'तुम्ही-आम्ही' करत बसले तर मलाच अवघडल्यासारखं होईल. मी बत्तीस वर्षं नर्स होते आणि त्यातली बहुतेक वर्षं पाळकीणबाईही (चर्चच्या पाळकाची, धर्मगुरूची बायको). म्हणजे दिवसा वॉर्ड आणि संध्याकाळी लोकांच्या पडव्या. उत्तर देण्याचा माझा अधिकार काय तो एवढाच.

वॉर्डात एक गोष्ट शिकले. जखमेत खडा राहिला असेल तर वरून कितीही मलम लावा, ती भरत नाही. म्हणून आधी तो पाहुणा प्रचारक.

"विश्वास कमी म्हणून आजार हटत नाही" हे वाक्य मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात इतक्यांदा ऐकलंय, की आता नुसतं ऐकलं तरी माझं डोकं तापतं. बायबलमधल्या त्या सगळं गमावलेल्या इयोबाचे तीन मित्र आठव. त्याची अवस्था बघून ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक अक्षर न बोलता. तिथवर त्यांचं वागणं उत्तम होतं. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तुझ्या पाहुण्यासारखंच सुरू केलं: तुझंच काहीतरी चुकलं असणार, उगाच कुणावर अशी वेळ येत नाही. शेवटच्या अध्यायात देव बोलतो तेव्हा तो रागावतो त्या मित्रांवर. देवाशी भांडणारा, ओरडणारा इयोब नीट बोलला, आणि देवाची बाजू सावरणारे हे तिघं चुकीचं बोलले, असं तो स्पष्ट सांगतो. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनीही हेच विचारलं होतं, पाप ह्याचं की ह्याच्या आईबापांचं? येशूचं उत्तर योहानाच्या नवव्या अध्यायात आहे: ह्याचंही नाही, आईबापांचंही नाही. त्या पाहुण्याने बाबांचा रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता आणि गोळ्या मध्येच सोडल्या होत्या का, एवढं विचारलं असतं तरी काही उपयोग झाला असता. तो परत आला तर चहा पाज आणि वाटेला लाव.

आता तुझा प्रश्न.

माझे आजोबा राजापूरकडचे. लहानपणी त्या भागात वीज नव्हती. पलीकडच्या वाडीतली प्रार्थनासभा संपवून रात्री परत यायचं, तर आजोबा सुक्या झावळांची चूड पेटवून पुढे आणि आम्ही पोरं रांगेने मागे. चूड टॉर्चसारखी लांबवर उजेड टाकत नाही. हलवली तर भडकते, हात थांबला की नुसती धुमसते. पाखाडी उतरताना मला वाट अशी कधी दिसलीच नाही. दिसायच्या त्या आजोबांच्या भेगाळलेल्या टाचा आणि त्यांच्या पुढची जांभ्याची एक पायरी. तेवढ्यावर आम्ही दीड-दोन मैल यायचो. कुणी मध्येच रडायचा, कुणी अर्धा झोपेत असायचा. घरी सगळे पोचायचे.

येशूने माणसांना बोलावलं ते "माझ्यामागे ये" असं म्हणून. मागे येणाऱ्याला वाट माहीत असलीच पाहिजे अशी अट त्यात नाही, आणि त्याचं मन चालताना भरून आलेलं असावं अशीही नाही. तू लिहिलंयस, "आत काहीच हलत नाही." ठीक आहे. पाय हलतोय का? वडिलांचं करतोस, आईला सांभाळतोस, रविवारी तासाभराची एसटी पकडून मंडळीत जातोस, बायकोने टोमणा मारला तरी तिच्यावर हात उगारत नाहीस की बाटलीला तोंड लावत नाहीस. हे मी तुझ्याच पत्रातून गोळा केलं. तुला ते चालणं वाटत नाही, कारण तू चालण्याची खूण मनात शोधतोयस.

पुढे चालणारा येशूही ह्या अंधारातून गेलेला आहे, हे आपण फार पटकन विसरतो. पकडलं जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने हसत हसत दुःखाचा प्याला उचलला नाही. तो टळावा अशी विनंती केली, आणि एकदा करून थांबला नाही. मित्रांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. वधस्तंभावर त्याच्या तोंडी आलं ते बाविसावं स्तोत्र: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? तुझ्या आतलं जे वाक्य बाहेर काढायला तू घाबरतोयस, ते त्याने भर दुपारी लोकांसमोर मोठ्याने म्हटलेलं आहे.

वधस्तंभ उचलण्याचं वचन मत्तय, मार्क, लूक तिघांनीही दिलंय. पण लूकच्या नवव्या अध्यायात एक जादा शब्द आहे: दररोज. आम्ही प्रॉटेस्टंट संतांची नावं फारशी घेत नाही, तरी कोकणपट्टीतल्या ह्या एका माणसाचं घेते. वसईचे गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला पंचवीस जणांसोबत त्यांना क्रुसावर चढवून मारलं, आणि १८६२ मध्ये रोमने त्यांना संत म्हणून घोषित केलं. वसईकरांना त्यांचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण तुझ्यामाझ्या वाट्याला येणारा क्रूस बहुधा लूकचाच, दररोजचा. त्याला प्रेक्षक नसतात, तारीख नसते. सकाळी उठून बाबांची चादर बदलायची, आणि उद्या सकाळी पुन्हा तेच. माझ्या अनुभवात माणसं मोठ्या वादळात जेवढी विश्वास सोडतात, त्याहून जास्त वादळानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी सोडतात. पंचनामा झालेला असतो, मदतीचे गट निघून गेलेले असतात, आणि नवीन लावलेलं कलम अजून गुडघ्याएवढंच असतं. तू नेमका तिथे आहेस. थकवा येणारच.

पण अशाही रात्री असतात जेव्हा पुढच्याच्या टाचासुद्धा दिसत नाहीत. मग काय करायचं, हे मला एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, शिकवलं.

आम्ही रत्नागिरीत होतो तेव्हा मिरकरवाड्याचे एक तांडेल माझ्या यजमानांशी बुद्धिबळ खेळायला यायचे. मुसलमान, पाच वेळचे नमाजी, आणि हरले की दोन दिवस न फिरकणारे. जुलै महिना, मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, बाहेर धो धो. यजमान रविवारच्या प्रवचनासाठी प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय वाचत होते: पौलाला कैदी म्हणून रोमला नेतायत, तारवात २७६ माणसं, चौदा रात्री वादळात भरकटल्यावर मध्यरात्री खलाशांना वाटतं की जमीन जवळ आलीय. सहज म्हणून त्यांनी ते तांडेलांना मोठ्याने वाचून दाखवलं. खलाशांनी बुडीद (खोली मोजायची वजन बांधलेली दोरी) टाकून पाहिला तेव्हा वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी भरलं, थोडं पुढे पंधरा वाव.

"थांबा, पाळकसाहेब," तांडेल म्हणाले. हातातला उंट तसाच वर धरलेला. "पाणी उतरतंय. म्हणजे खडक आला."

"हो, तेच पुढे लिहिलंय. खडकावर आपटू म्हणून त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस उगवण्याची वाट बघत राहिले."

"मागून? नांगर पुढून टाकतात." मग ते बराच वेळ गप्प बसले. बोटांनी पटावर वाऱ्याची दिशा काढली, उंटाची होडी केली, ती फिरवून बघितली. "बरोबर आहे," म्हणाले. "वारा पाठीमागून. पुढून नांगर टाकला असता तर होडी गरकन फिरली असती, तोंड दर्याकडे झालं असतं. ह्यांना तोंड किनाऱ्याकडेच ठेवायचं होतं. उजाडलं की दोर कापायचे आणि सरळ घुसायचं. तांडेल हुशार असणार त्यांचा."

यजमानांनी पान उलटून चाळिसावं वचन त्यांच्यासमोर धरलं. दिवस उजाडल्यावर त्यांनी नांगर कापून समुद्रात सोडले आणि तारू किनाऱ्याकडे नेलं, असंच तिथे आहे. तांडेलांनी काही न बोलता उंट पटावर ठेवला आणि यजमानांचा वजीर मारला.

इतकी वर्षं आम्ही तो अध्याय वाचत होतो, पण मागून का पुढून ह्याचा विचार आमच्या डोक्यात कधी आला नव्हता. ज्या रात्री पुढे जाता येत नाही त्या रात्री पुढे जायचं नसतं. तोंड किनाऱ्याकडे ठेवायचं, मागून नांगर टाकायचा आणि उजाडण्याची वाट बघायची. चार नांगरांना चार गुणांची नावं देणारी प्रवचनं मी ढिगाने ऐकली आहेत, आणि त्यातलं एकही माझ्या लक्षात राहिलेलं नाही. म्हणून नावं देत नाही. माझा नांगर काय होता तेवढं सांगते.

आमची मधली मुलगी अकराव्या वर्षी गेली. भातलावणीचे दिवस, पोरं दिवसभर चिखलात. ताप आला तेव्हा पहिले दोन दिवस मी घरीच पॅरासिटॅमॉल देत बसले, मी, शिकलेली नर्स. लेप्टो होता, चिखलपाण्यातून होणारा ताप. डोळे पिवळे दिसले तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर चौदा महिने मी प्रार्थना केली नाही. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन केली, पाळकीणबाईला ती करावीच लागते, पण माझी म्हणून एक ओळ नाही. डोळे मिटले की तिचे डोळे दिसायचे. (पौलाच्या चौदा रात्री आणि माझे चौदा महिने, ह्या आकड्यांत काही शोधत बसू नकोस. मीही एकदा शोधलं होतं, काही नव्हतं.)

आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. त्याचा द्राक्षारस घरीच करायचा. शुक्रवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी उकळायच्या, हाताने कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. मग त्या ट्रेमधले अंगठ्याएवढे काचेचे पेले गरम पाण्यातून काढायचे, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने एकेक पुसून उजेडात धरून बघायचा. चाळीस पेले. हे काम मी त्या चौदा महिन्यांत एकदाही चुकवलं नाही. विश्वास होता म्हणून नव्हे, दुसरं करणारं कुणी नव्हतं म्हणून. यजमान ते भाकर व पेला पुढे करायचे, शब्द उच्चारायचे, मी घ्यायची आणि मला काहीही वाटायचं नाही. एका शनिवारी पेला उजेडात धरला असताना लक्षात आलं की मी काहीतरी गुणगुणतेय. आभाळ फाटून उजेड वगैरे काही नाही. चाल होती, शब्दही आठवत नव्हते. त्यानंतरही पुष्कळ दिवस वाईट गेले. पण त्या कामामुळे माझं तोंड तेवढं किनाऱ्याकडे राहिलं होतं.

तुझ्या बाबतीत तो नांगर रविवारचं गाणं आहे. तेच तुला ढोंग वाटतंय. ढोंगी माणूस आत नको असलेली गोष्ट लोकांना दाखवण्यासाठी करतो. तुला ती हवी आहे, मिळत नाही म्हणून तू रडतोयस. ह्या दोघांना एकाच पारड्यात टाकू नकोस. गाता येत नसेल त्या दिवशी नुसता उभा राहा, बाकीचे तुझ्या वाटचं गातील. आणि घरी स्तोत्रसंहिता उघड. मला गुडघ्यांवर बसून गोड गोड बोलायला सांगणारे खूप भेटले, पण स्तोत्रं लिहिणारे तसे नव्हते. तेरावं स्तोत्र सुरुवातीलाच चार वेळा विचारतं, किती काळ? अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारावर येऊन संपतं, शेवटी आशेचं एक वाक्यसुद्धा नाही. आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. मी तर म्हणेन ह्या महिन्यात ती दोनच वाच, मोठ्याने.

अजून एक. अटकेच्या रात्री शिष्य पेत्र "मी ह्याला ओळखत नाही" म्हणून नाकारणार हे येशूला आधीच ठाऊक होतं. तेव्हा तो त्याला म्हणाला, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. लूक, बाविसावा अध्याय. "वळलास म्हणजे" म्हणाला, "वळलास तर" नाही. पेत्राचा विश्वास पेत्राच्या मुठीत असता तर त्या रात्री कोंबडा आरवायच्या आधीच संपला असता. तो दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवला होता. तुझी पकड सुटलीय असं तुला वाटतं तेव्हा हे लक्षात घे, कारण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. किती दिवस चालशील हे तुझ्या दमावर ठरणार असतं तर मलाही काळजी वाटली असती.

त्याच सत्ताविसाव्या अध्यायात अजून एक प्रसंग आहे, त्यावर तांडेल खो खो हसले होते. खलाशी छोटी होडी पाण्यात सोडतात, आम्ही पुढूनही नांगर टाकतो असं सोंग करतात, आणि खरं म्हणजे पळून जायच्या बेतात असतात. पौल शिपायांना सांगतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई त्या होडीचे दोर कापतात. तुझ्या पत्रात शेवटी तू हळूच लिहिलंयस, "हल्ली वाटतं की चर्च सोडून घरीच बायबल वाचावं, लोकांची तोंडं नकोत." ती छोटी होडी आहे. मंडळीतली माणसं कधी कधी नको होतात हे मला सांगू नकोस, मी पाळकीणबाई होते. पण सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. येशूनेही बागेत सगळ्यांना जवळ नेलं नाही, तिघांनाच नेलं. तू एकच माणूस निवड, शक्यतो वयाने मोठा आणि कमी बोलणारा, आणि त्याला जे मला लिहिलंस ते सांग.

तुझ्या पट्ट्यात एकटं असण्याला मोठा इतिहास आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी आले ते तुझ्याच बाणकोट-हर्णैच्या बाजूला. दोनशे वर्षं झाली आणि तुझ्या वाडीत घर एकच. हे अपयश आहे असं मला वाटत नाही, पण एकटेपणा खरा आहे. फक्त त्याला छळ म्हणू नकोस. शिमग्याला पालखी दारात आली, तुम्ही पूजा केली नाही, चार जण कुजबुजले. एवढ्यावर जर आपण स्वतःला हुतात्मे समजायला लागलो तर गोन्सालो गार्सियांना काय म्हणायचं? तूच लिहिलंयस की घरावर पडलेला माड वाडीतल्या मुलांनी दोन दिवस राबून कापून काढला, आणि पंधरा दिवस वीज नव्हती तेव्हा शेजारच्या काकींनी रोज सकाळी पेज पाठवली. पालखी दारात आली की उंबऱ्यावर उभा राहा, आलेल्यांना पाणी दे, थंड सरबत दे. जे करता येत नाही ते एकदाच शांतपणे सांग, दरवर्षी नव्याने वाद घालायला नको.

आता तुझी बायको. "तुझा देव तेव्हा कुठे होता?" ह्या प्रश्नाने तू दुखावलास, आणि मला वाटतं तिथेच तुझी चूक होतेय. हा प्रश्न शास्त्रातलाच आहे. लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया, दोघी बहिणी वेगवेगळ्या येऊन येशूला तेच म्हणतात: तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. येशू मरीयेला उत्तर देत बसला नाही. तो रडला. तूही उत्तर शोधू नकोस. पुढच्या वेळी तिने विचारलं तर "मलाही तेच विचारायचंय" एवढं म्हण आणि तिच्याजवळ बस.

तुझ्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोसळल्या. संसार तुटला. पुढे त्या नवऱ्याजवळ परत आल्या, पण सोवळं सोडलं नाही, आणि टिळकांनीही ते सोडायला लावलं नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. पाच वर्षं. आणि ती टिळकांसारख्या शीघ्रकोपी माणसाबरोबर! एकाच घरातली दोन माणसं एकाच वेगाने चालत नाहीत. तुझी बायको तुझ्या मागे नाही आणि तू तिच्या पुढे नाहीस. तिला चर्चला ओढू नकोस. तिने आत्तापर्यंत तुझ्या बाबांची एकही गोळी चुकवलेली नाही, हेही तुझ्याच पत्रात आहे.

चुलतभावाबद्दल फार लिहीत नाही. गालील समुद्राच्या काठावर येशूने पेत्राला पुढचं कठीण आयुष्य सांगितलं तेव्हा पेत्राने मागे वळून योहानाकडे बोट दाखवलं: आणि ह्याचं काय? येशू म्हणाला, त्याचं तुला काय? तू माझ्यामागे ये. जरा तुसडंच उत्तर आहे. त्याच्या साक्षीच्या क्लिपा फोनवर येतात त्या न उघडता पुसून टाक.

राहिलं तुझं शरीर, आणि इथे मी पाळकीणबाईची टोपी काढून नर्सची घालते. तू लिहितोस की रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, जेवण उभ्याउभ्याच होतं, सहा महिन्यांत सात किलो वजन उतरलं. मग आत काही हलेल कसं? संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून "आता मला मरण दे" म्हणाला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला. तो जेवला आणि परत झोपला. दूताने पुन्हा उठवून पुन्हा खायला लावलं. बोलणं झालं ते कितीतरी दिवसांनी, होरेबाच्या डोंगरावर. पौलानेही त्या बुडत्या तारवात पहाटे सगळ्यांना काय सांगितलं? खाऊन घ्या. आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशूने कोळशाचा विस्तव केलेला होता, त्यावर मासळी होती. रात्रभर जाळं ओढून दमलेल्या माणसांना तो म्हणाला, या, न्याहारी करा.

म्हणून आजपासून रात्रीच्या पाळ्या लाव. एक रात्र तू, एक रात्र बायको, आणि आठवड्यातून एक रात्र मंडळीतल्या त्या माणसाला बोलाव. लाजू नकोस, कोकणात पाहुणा म्हणून राहायला कुणी नाही म्हणत नाही. सकाळी उठायची इच्छाच होत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना तसंच सांग, किंवा १४४१६ ह्या टेलि-मानसच्या नंबरवर फोन कर, तिथे मराठीत बोलता येतं. नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्याचा विश्वास कमी असतो असं कुणी म्हणालं तर त्याला माझं नाव सांग.

बाबांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, रात्रीसुद्धा. वळवताना लुळा हात धरून ओढायचा नाही, खांदा निखळतो. कमरेखाली आडवी घडी केलेली चादर ठेव, दोघांनी दोन बाजूंनी ती धरून वळवा, मग पाठीमागे उशी. टाचा गादीला टेकता कामा नयेत, पोटऱ्यांखाली मऊ घडी ठेव म्हणजे त्या अधांतरी राहतील. तिथे जखम होते आणि कळतही नाही. भरवताना पूर्ण बसवून, चांगल्या बाजूने, छोटे घास. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर जबरदस्तीने पाजू नकोस, डॉक्टरांना विचार. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. त्या अर्ध्या तासात त्यांच्याजवळ बसून ते तेरावं स्तोत्र वाच. बोलता येत नसलं तरी त्यांना ऐकू येतं.

कलमांचं म्हणशील तर माझ्या भावाची सात पडली होती. फांद्या छाटून, उभी करून, बांबूचे टेके देऊन मुळांवर माती ओढली; तीन जगली. त्यातल्या एकाला गेल्या वर्षी अकरा आंबे लागले, तो सगळ्यांना फोन करून सांगत होता.

दिवाळीनंतर मी भाचीकडे दापोलीला येणार आहे. तुझी वाडी फार लांब नसावी. पत्ता कळव, बाबांच्या टाचा बघायला येईन. माझ्या चहात साखर कमी.